परदेशात व्हॉलंटियर म्हणून जायचंय? आधी काम ठरवा, देश नंतर

परदेशात जाऊन निसर्गासाठी नाहीतर एखाद्या गावासाठी काम करायचं असं मनात आलं की बहुतेक जण पहिल्यांदा देश ठरवतात, कोस्टा रिका किंवा केनिया, आणि मग तिथे काय मिळतंय ते शोधत बसतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. आधी काम ठरवा आणि ते काम जिथे खरोखर चालू आहे, तुम्ही गेलात तरी चालणार आणि नाही गेलात तरी चालणार, अशी जागा शोधा. कारण जो प्रोजेक्ट फक्त व्हॉलंटियर येतात म्हणून तग धरून असतो तिथे हळूहळू सगळं व्हॉलंटियरला बरं वाटावं म्हणून व्हायला लागतं, जंगल आणि गावातली माणसं राहतात बाजूला.

चांगलं काम कसं दिसतं ते सांगते. मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावर आंदावादुआका नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. 2004 मध्ये तिथल्या लोकांनी रीफचा, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळ खडकांचा, एक छोटा भाग ऑक्टोपस पकडायला काही महिने बंद ठेवला. बंदी उठली तेव्हा हाती आलेले ऑक्टोपस चांगले मोठे होते, ते बघून आजूबाजूची गावं पण तसंच करायला लागली आणि पुढे बऱ्याच गावांनी मिळून वेलोन्द्रियाके नावाचं स्वतःचं सागरी क्षेत्र सांभाळायला घेतलं. ब्लू व्हेंचर्स ही संस्था त्यांच्यासोबत होती आणि तिच्याकडे पैसे भरून येणारे व्हॉलंटियर डायव्हिंग करून मासे, प्रवाळ मोजायचे. आता यातलं महत्त्वाचं बघा, व्हॉलंटियरला आधी मासे ओळखण्याची परीक्षा द्यावी लागायची, पास झाल्याशिवाय त्याची मोजणी धरायचे नाहीत, आणि समुद्र कुठे, किती दिवस बंद ठेवायचा हे गावकरी ठरवायचे. बाहेरून आलेल्या माणसाची जागा एवढीच, पण ती खरी जागा.

दुसरं उदाहरण नामिबियातलं. तिथल्या वाळवंटात राहणारे हत्ती पाण्यासाठी वस्त्यांपर्यंत येतात, टाक्या आणि पाइप फोडतात, मग साहजिकच लोक हत्तींवर चिडतात. एका प्रोजेक्टमध्ये व्हॉलंटियर एक आठवडा पाण्याच्या टाकीभोवती दगडी भिंत बांधतात आणि पुढचा आठवडा हत्तींच्या मागावर फिरून कुठला कळप कुठे आहे त्याची नोंद करतात. भिंतीमुळे शेतकऱ्याचं पाणी वाचतं, आणि हत्तीवर बंदूक उचलायचं कारण कमी होतं. निसर्गरक्षण आणि गावाचा विकास या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत हे मला या भिंतीइतकं साफ कुठेच दिसलेलं नाही. प्रोजेक्ट शोधताना असा धागा आहे का ते बघा, म्हणजे प्राणी किंवा जंगल वाचल्याने तिथे राहणाऱ्या माणसाचं काय भलं होतंय हे संस्थेला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

जायचे रस्ते कोणकोणते

पैसे न भरता, उलट राहण्याखाण्याचा भत्ता मिळून जायचं असेल तर यूएन व्हॉलंटियर्स आहे, 1970 ला सुरू झालेला, मुख्य ऑफिस जर्मनीत बॉनला. इथे अर्ज म्हणजे जवळजवळ नोकरीचाच अर्ज समजा, स्पेशालिस्ट प्रकारात तर 27 च्या पुढचं वय आणि कामाचा अनुभव मागतात. घरबसल्या करायची ऑनलाइन व्हॉलंटियरिंगची कामंही त्यांच्याकडे असतात, नकाशे बनवणं, भाषांतर, रिपोर्ट लिहायला मदत, आणि नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं, कारण एका पैशाचा खर्च न होता कळतं की हे काम आपल्याला झेपतंय का. व्हीएसओ ही 1958 पासूनची संस्थाही अनुभवी माणसं शोधते, शिक्षक, नर्स, शेतीतले जाणकार असे. काही रस्ते फक्त ठरावीक लोकांनाच उघडे असतात, अमेरिकेची पीस कोअर फक्त अमेरिकन नागरिकांना, 27 महिन्यांसाठी, युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर 18 ते 30 वयाच्या आणि ठरावीक देशांत राहणाऱ्या तरुणांना. तेव्हा फॉर्म भरत बसण्याआधी पात्रता वाचा, नाहीतर आठवडे वाया जातात.

थोड्या दिवसांसाठी आणि कमी खर्चात जायचं तर वर्ककॅम्प बघा. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था 1920 मध्ये पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं फ्रान्समधलं व्हर्दंजवळचं एक गाव परत उभं करण्यासाठी जमलेल्या लोकांमधून जन्मली, आणि आजही तिचे दोन-तीन आठवड्यांचे कॅम्प असतात. सेंद्रिय शेती शिकायची असेल तर 1971 मध्ये इंग्लंडात सुरू झालेलं वूफ आहे, शेतकऱ्याकडे दिवसाला साधारण चार ते सहा तास काम, बदल्यात राहणं आणि जेवण, पण मेंबरशिप प्रत्येक देशाची वेगळी घ्यावी लागते. आणि शास्त्रज्ञांसोबत फील्डवर जायचं तर अर्थवॉचसारख्या संस्था आहेत, तिथे तुम्ही पैसे भरता आणि त्यातून संशोधनाचा खर्च निघतो.

पैसे भरावे लागतात म्हणजे फसवणूकच, असं मुळीच नाही. तुमचं जेवण, अंथरूण, ट्रेनिंग, तुम्हाला सांभाळणाऱ्या माणसाचा पगार हा खर्च कुणीतरी करणारच ना, आणि तो गावाने का करावा? प्रश्न एवढाच की त्यातला किती पैसा त्या गावात पोचतो. मधल्या एजन्सीकडून जात असाल तर हिशेब सरळ मागा, आणि मूळ प्रोजेक्टचं नाव विचारून त्यांना थेट मेल टाकून बघा. एजन्सी प्रोजेक्टचं नावच सांगत नसेल तर तिथेच थांबा.

मेलमध्ये काय विचारायचं

"मला निसर्गाची खूप आवड आहे, मी काहीही करायला तयार आहे" असा मेल कुणालाच उपयोगाचा नसतो, असे मेल त्यांच्याकडे ढिगाने येतात. त्यापेक्षा असं लिहा, मला एक्सेल आणि जीपीएस चांगलं येतं, सुतारकाम येतं, उन्हात दिवसभर चालू शकते, स्पॅनिश मोडकीतोडकी येते, ऑगस्टपासून तीन महिने मोकळी आहे, यातलं तुमच्या काही कामाचं आहे का. मग तुमचे प्रश्न. गेल्या सीझनच्या व्हॉलंटियरनी नक्की काय केलं? जमवलेला डेटा कुणाकडे जातो, त्याचं पुढे काय झालं? पगारावर स्थानिक माणसं किती आहेत आणि त्यात प्रमुख कोण? व्हॉलंटियर नसतील त्या महिन्यांत काम कसं चालतं? प्राण्यांना हात लावायचा असतो का? मुलांसोबत काम असेल तर माझं पोलीस व्हेरिफिकेशन मागणार का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण मुलांजवळ कुणालाही काही न तपासता जाऊ देणारी संस्था ती मुलं सांभाळायच्या लायकीचीच नाही.

उत्तरं कशी येतात त्यावरून बरंच कळतं. चांगली संस्था उलट तुम्हालाच प्रश्न विचारते, कधीकधी सरळ नाही म्हणते. जिथे पैसे भरले की कुणीही, कधीही, दोन दिवसांसाठीसुद्धा चालतं तिथे तुमची गरज नाहीये, तुमच्या पैशांची आहे. आणि आधी जाऊन आलेल्या दोघा-तिघांशी बोलाच, संस्थेने स्वतःहून दिलेल्या नावांव्यतिरिक्त कुणीतरी शोधून.

इथे जाऊच नका

अनाथाश्रम. कितीही कळवळा असला तरी नको. जगभरात अशा संस्थांमध्ये राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक, जिवंत असतात. कंबोडिया आणि नेपाळमध्ये हे बऱ्याचदा उघड झालंय की परदेशी पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून गरीब घरातली मुलं शिक्षणाचं आमिष दाखवून आणली जातात. ऑस्ट्रेलियाने तर मुलांच्या या व्यापाराला आधुनिक गुलामगिरीत धरलंय. दर पंधरा दिवसांनी नवीन माणूस येऊन माया लावतो आणि निघून जातो, याने त्या लेकरांचं काय होत असेल याचा विचार करा. मुलांसाठी काही करायचंच असेल तर कुटुंबाला आधार देणाऱ्या, गावातली शाळा मजबूत करणाऱ्या कामाला हात लावा.

दुसरं, सिंहाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजा म्हणणारी ठिकाणं. दक्षिण आफ्रिकेत असे प्रकार खूप झाले, बछडी आईपासून लवकर तोडतात, माणसाळलेला सिंह परत जंगलात सोडता येत नाही, आणि मोठा झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी किंवा हाडांसाठी विकला जाऊ शकतो. 2021 मध्ये तिथल्या सरकारने पिंजऱ्यातली ही पैदास थांबवायची दिशा जाहीर केली ती याचमुळे. खऱ्या अभयारण्यात तीन गोष्टी होत नाहीत, पैदास, विक्री आणि पाहुण्यांनी प्राण्यांना कुरवाळणं. ओरांगउटान किंवा गोरिलांच्या बाबतीत तर आपला साधा सर्दी-खोकलाही त्यांना जीवघेणा ठरू शकतो, म्हणून निदान सात मीटर अंतर आणि तोंडाला मास्क असा नियम असतो.

आणि तिसरं, झाडं लावण्याचे कार्यक्रम. हे वाईट नसतात पण डोळे उघडे ठेवून जा. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत किनाऱ्यावर खारफुटी लावायची मोठी लाट आली आणि त्यातली बहुतेक रोपं मेली, कारण जागा चुकीची, जात चुकीची, आणि लावून गेल्यावर बघायला कुणी नाही. फिलिपिन्समध्येही भरती-ओहोटीच्या उघड्या चिखलात जिथे ती जात मुळात उगवतच नाही तिथे रोपं लावली गेली. म्हणून किती झाडं लावली हे विचारू नका, तीन वर्षांपूर्वी लावलेल्यातली आज किती जगली ते विचारा. ज्यांच्याकडे हा आकडा आहे, मग तो कमी का असेना, त्यांच्यासोबत काम करायला हरकत नाही.

प्रत्यक्ष काम कसं असतं

फोटोत दिसतं तसं नसतं. कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर कासवांचं काम 1950 च्या दशकापासून चालू आहे, तिथलंच घ्या. रात्री गडद कपडे घालून वाळूत तासन्‌तास चालायचं, पांढरा टॉर्च बंद, मोबाइल बंद, लागलाच तर मंद लाल दिवा. मादी पाण्यातून वर आली की लांब थांबायचं, कारण खड्डा खणायच्या आधी तिला चाहूल लागली तर ती अंडी न घालताच परत जाते. अंडी पडायला लागली की ती सहसा जागची हलत नाही, तेव्हा मागच्या बाजूला पालथं पडून एकेक अंडं मोजायचं, हिरव्या कासवाची शंभराच्या आसपास असतात, पुढच्या पायावर टॅग आहे का बघायचं, पाठीची लांबी मऊ टेपने मोजायची आणि सगळं ओल्या हाताने वहीत लिहायचं. दोनेक महिन्यांनी पिल्लं निघून गेली की तेच घरटं उकरायचं असतं, रिकामी टरफलं किती, न फुटलेली किती, आत मेलेली किती. वास असा असतो की पहिल्या दिवशी जेवण जात नाही. पण किती पिल्लं निघाली, वाळू फार तापली होती का, हे सगळं त्यातूनच कळतं, आणि वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार का मादी हे ठरतं, म्हणून या घाणेरड्या कामाची किंमत फार मोठी आहे.

गॅलापागोस बेटांवर व्हॉलंटियर बाहेरून आलेल्या ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं दिवसदिवसभर तोडतात. जून 2000 मध्ये केपटाउनजवळ ट्रेझर नावाचं जहाज बुडालं तेव्हा सुमारे 19,000 पेंग्विन तेलाने माखले होते, हजारो व्हॉलंटियर धावून आले आणि त्यांचं काम काय होतं, तर चोची खात खात पक्षी धरणं, मासे भरवणं, टॉवेल आणि पिंजरे धुणं. त्यातले बहुतेक पक्षी वाचले. आपल्याला हे आवडेल का, हा प्रश्न स्वतःला आधीच विचारा.

गावविकासाच्या कामात अंगमेहनतीपेक्षा धीर जास्त लागतो. पहिले दोन-तीन आठवडे काहीही सुचवू नका, फिरा आणि ऐका. गावातल्या लोकांना जमिनीवर काठीने गावाचा नकाशा काढायला सांगायचं, पाणी कुठे, शेतं कुठे, कुणाचं घर लांब, किंवा कुठल्या महिन्यात काम असतं, कुठल्या महिन्यात धान्य संपतं याचं कॅलेंडर मांडायचं, अशा पद्धती गावपातळीवर काम करणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं चालत आल्यात आणि त्या आजही उत्तम आहेत. बायकांचा नकाशा वेगळा काढून घ्या, पुरुषांचा वेगळा, दोन्हींत विहिरीचं अंतर सुद्धा वेगळं निघतं कारण पाणी कोण भरतं त्यावर ते अवलंबून.

बाहेरच्यांना फार आवडलेली वस्तू गावाला नकोच असते, असंही होतं. दक्षिण आफ्रिकेत आणि मोझांबिकमध्ये मुलं गोल गोल खेळतील आणि त्यावर पंप चालून पाणी वर येईल अशी चक्रं बसवली होती, मोठमोठ्या देणग्या आल्या, आणि शेवटी कित्येक ठिकाणी म्हाताऱ्या बायका ते जड चक्र ढकलत बसल्या, बिघडलं तर सुटे भाग मिळेनात. साध्या हातपंपाचीही हीच रड, 2009 च्या आसपासच्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतले जवळपास एक तृतीयांश हातपंप बंद होते. म्हणून नवीन काही बांधायच्या आधी विचारा की आधीचं का बंद पडलं, वॉशर कुठे मिळतो, दुरुस्ती कोणाला येते, पैसे कोण गोळा करतं. तुम्ही असताना गावातल्या दोघींना पंप खोलून परत बसवता यायला लागला तर तीन महिने सार्थकी लागले. आणि जे काम गावातला गवंडी मजुरीवर करू शकतो ते तुम्ही फुकट करून त्याची मजुरी घालवू नका, त्याला कामावर घ्या आणि तुम्ही त्याच्या हाताखाली राहा. नामिबियातल्या भिंतीचं काम वेगळं, ते लांबच्या विखुरलेल्या वस्त्यांवर असतं जिथे मजूर मिळणंच मुश्किल, पण हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारायलाच हवा.

खोटी आश्वासनं अजिबात नको. "परत गेल्यावर शाळेसाठी पैसे पाठवीन" हे तुम्ही भावनेच्या भरात बोलता आणि तिथे लोक खरंच वाट बघतात.

कागदपत्रं आणि तब्येत

टुरिस्ट व्हिसावर जाऊन व्हॉलंटियरिंग चालतं असं कुणी सांगितलं तरी त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी खात्री करून घ्या. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं, न्यूझीलंडमध्ये कामाच्या बदल्यात राहणं-जेवण मिळालं तरी ते काम धरतात, ब्रिटनमध्ये चॅरिटीच्या कामासाठी वेगळा व्हिसा आहे, जास्तीत जास्त 12 महिन्यांचा. विमानतळावर "फिरायला आलोय" असं खोटं बोलायला सांगणारी संस्था असेल तर नाद सोडा, पकडले गेलात तर परत तुम्हालाच पाठवतील.

डॉक्टरकडे निघायच्या सहा ते आठ आठवडे आधी जा. पिवळ्या तापाची लस बऱ्याच देशांत सक्तीची आहे, तिचं सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. प्राण्यांमध्ये किंवा लांब खेड्यात काम असेल तर रेबीजची आधीच घ्यायची लस घ्याच, कारण चावल्यानंतर लागणारं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, अशा ठिकाणी सहजी मिळत नाही. आधी लस घेतली असली तरी चावल्यावर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि पुढचे डोस घ्यायचेच. इन्शुरन्समध्ये हेलिकॉप्टर किंवा विमानाने हलवायचा खर्च धरलाय का आणि व्हॉलंटियरिंगचं अंगमेहनतीचं काम वगळलं तर नाही ना, हे बारीक अक्षरात वाचा.

बूट धुऊन, वाळवून न्या. तळव्याच्या चिखलातून बिया आणि रोगाची बुरशी जाते, न्यूझीलंडमध्ये मळके बूट लपवले तर जागच्या जागी दंड होतो आणि मला ते अगदी योग्य वाटतं, जे वाचवायला निघालोय त्यालाच आपण रोग घेऊन जायचा का?

निघताना आणि परत आल्यावर

दुर्मिळ प्राण्याचा फोटो टाकताना लोकेशन काढून टाका, शिकारी पण इंटरनेट वापरतात. गावातल्या मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि स्वतःच्या घरातल्या मुलाचा जो फोटो तुम्ही टाकला नसता तो त्यांचाही टाकू नका. निघायच्या आठवडाभर आधी सगळा डेटा, फाइलींची नावं, कुठला कॉलम कशाचा, काय अर्धवट राहिलंय हे लिहून तिथल्याच माणसाच्या हाती द्या, आणि त्याने ते तुमच्यासमोर उघडून वापरून बघितलं की मगच बॅग भरा.

मलेरिया होऊ नये म्हणून घेतलेल्या गोळ्या घरी आल्यावर लगेच बंद करायच्या नसतात, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल आणखी सात दिवस आणि डॉक्सिसायक्लिन चार आठवडे घ्यावी लागते. पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की मी अमुक देशात खेड्यात राहून आलेय. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरासारख्या गोड्या पाण्यात उतरला असाल तर काही त्रास नसला तरी दोनेक महिन्यांनी बिलहार्झिया या जंतांच्या आजाराची टेस्ट करून घ्या, तो जंतू पाणी न पिताही नुसत्या कातडीतून आत शिरतो आणि बरेच दिवस गप्प बसून राहतो.